घोडे बदलायचे गाव आणि पुस्तके बदलणारी घरे

आमच्याकडे बाहेरगावचे पाहुणे आले की दोन प्रश्न ठरलेले. ‘एवढ्या लांब कशाला राहता गं?’ हा पहिला आणि ‘इथे बघण्यासारखं काय आहे?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आमच्या खिशाने केव्हाच देऊन ठेवले आहे. दुसऱ्याचे उत्तर सासूबाईंकडे तयार असते, ‘अंबरनाथचं देऊळ, बारवीचं धरण, कोंडेश्वर. आणि जूनमध्ये आलात तर आमची जांभळं.’ मी त्या यादीत एक भर घालते, ‘आणि तीन घरं. तिथली पुस्तकं.’ पाहुणे हसतात. त्यांना वाटते, मी गंमत करते आहे.

पण मैत्रिणींनो, मी गंमत करत नाही. कल्याण सोडून गाडी कर्जतच्या वाटेला लागली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ नि बदलापूर अशी स्टेशने येतात. बदलापूर हे मुंबईपासून ६८ किलोमीटर. ही वाट जुनी. आगगाडी इथे १८५६ सालीच आली. त्याआधीही घोडेस्वार इथून जात, दमलेला घोडा इथे बदलून ताजा घेत नि पुढे घाटाकडे निघत. म्हणून ‘बदलापूर’, असे जुनी मंडळी सांगतात. आता घोडे गेले, पण आम्ही बायका इथे दुसरेच काहीतरी बदलतो. ती हकीगत सांगायलाच आज लिहायला बसले आहे.

सुरुवात झाली २०१८ च्या संक्रांतीला. हळदीकुंकवाला वाण काय द्यायचे, ही दरवर्षीची डोकेदुखी. प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या, स्टीलच्या वाट्या. घेणारीच्या घरी आधीच सहा असतात नि सातवी माळ्यावर जाते. त्या वर्षी हात जरा आखडता होता. मी म्हटले, घरातली वाचून झालेली पुस्तकेच देऊ या. सासूबाई म्हणाल्या, ‘वापरलेली वस्तू वाण म्हणून देतात का कुठे?’ मी म्हटले, ‘आई, पुस्तक वाचलं म्हणून उष्टं होत नाही.’ त्यांना ते फारसे पटले नाही, पण तिळगूळ वळता वळता त्यांनीच आतून आपले ‘रुचिरा’ आणून ढिगावर ठेवले. कमलाबाई ओगल्यांचे ते १९७० साली निघालेले पुस्तक. वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकवून त्याने किती नव्या सुनांची अब्रू राखली असेल, ते तुम्हांला मी काय सांगू! आमच्या प्रतीत चिरोट्यांच्या पानावर तुपाचा डाग आहे. तो बघून एक शेजारीण म्हणाली, ‘म्हणजे ही कृती नक्की जमते!’

पुढच्या महिन्यात ज्यांनी नेली त्यांनी परत आणली, दुसरी नेली. भिशीच्या दिवशीच पुस्तकांचीही भिशी सुरू झाली. नियम अगदी थोडे. शंभर पानी वहीत नाव लिहायचे, पुस्तकाला खाकी कव्हर घालायचे, पान दुमडायचे नाही, नि वाचून झाल्यावर आत ठेवलेल्या चिठ्ठीवर दोन ओळी मत लिहायचे. या चिठ्ठ्या म्हणजे खरी मेजवानी असते हं! शेजारणीच्या मनात काय चालले आहे, ते वर्षानुवर्षे गच्चीत पापड वाळत घालून कळत नाही, ते सुनीताबाईंच्या ‘आहे मनोहर तरी’तल्या चिठ्ठीवर एका ओळीत कळते. एकीने लिहिले होते, ‘बरं झालं लिहिलं. मला वाटायचं, मीच तेवढी वाईट.’ आम्ही कोणी तिला काही विचारले नाही. पण त्या दिवसापासून चहा तिच्या हातात आधी जातो.

आता दुसऱ्या घराकडे वळते. हे घर अंबरनाथला, आमच्या ताईंचे. यजमान आयुधनिर्माणीतून निवृत्त झालेले. ताई लेडीज डब्यात भेटल्या. मी वाचत होते नि त्या माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. मी पान उलटले तशी म्हणाल्या, ‘थांबा हो, माझं व्हायचंय!’ अशी आमची ओळख. ताईंचे कपाट म्हणजे इरावतीबाई आणि दुर्गाबाई यांचे माहेरघर. ‘युगान्त’, ‘परिपूर्ती’, ‘ऋतुचक्र’, ‘व्यासपर्व’, सगळी ओळीने. पण ताई कोणाला पुस्तक देत नसत. एका छोट्या डायरीत त्यांनी, कोणी कोणते पुस्तक नेऊन बुडवले, त्याची तारीखवार नोंद ठेवली आहे. त्यात त्यांच्या सख्ख्या नणंदेचेही नाव आहे!

तेव्हा ताईंची पुस्तके वाचायची म्हणजे अंबरनाथलाच जावे लागे. आम्ही मग पुस्तक घेऊन शिवमंदिराकडे जात असू. वालधुनीच्या काठचे हे काळ्या दगडाचे देऊळ शिलाहार राजांच्या काळातले, शिलालेख शके ९८२ चा म्हणजे इसवी सन १०६० चा. बरेच जण त्याला सरसकट हेमाडपंती म्हणून मोकळे होतात, पण हेमाद्री झाला तो त्यानंतर दोनशे वर्षांनी! ही भूमिज शैली. गाभारा जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावे लागते, नि वर बघितले तर शिखराच्या जागी आभाळ. उन्हाळ्यातसुद्धा खाली गारवा असतो. शिवरात्रीच्या जत्रेत तिथे मुंगीला शिरायला जागा नसते, पण एरवी आठवड्यातल्या दुपारी आवार निवांत असते.

त्या आवारात बसून आम्ही ‘युगान्त’ वाचले. इरावतीबाईंच्या या पुस्तकाला १९६८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. महाभारतातल्या माणसांना त्यांनी देव्हाऱ्यातून उचलून आपल्यासमोर पाटावर बसवले आहे. गांधारीवरून आमचे चक्क भांडण झाले. मी म्हटले, ‘डोळ्यांवर पट्टी बांधणं हा राग होता तिचा.’ ताई म्हणाल्या, ‘राग असेना का! पण पोरांकडे बघायला तरी ती सोडायची. राग नवऱ्यावर नि शिक्षा पोरांना?’ मी निरुत्तर झाले. कॉलेजात बी.ए.ला हा प्रश्न मला पडला नव्हता. पदरात मूल पडल्याशिवाय काही पुस्तके पुरती वाचता येत नाहीत, हेच खरे.

आणि मग २०१९ चा जुलै आला. आमचे घर बदलापूर पश्चिमेला, तळमजल्यावर. २६ जुलैच्या रात्री उल्हास नदी चढू लागली. २००५ सालच्या त्याच तारखेची आठवण काढतच इथली माणसे दर जुलैत आभाळाकडे बघतात. २७ तारखेला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर नि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढले, ते तुम्ही वाचले असेल. आमच्या घरात गुडघाभर पाणी होते. आम्ही गहू-तांदूळ, गादी, कागदपत्रे, लेकीचे दप्तर वर चढवले. पुस्तकांचा खालचा कप्पा कोणाच्याच लक्षात आला नाही. माझ्यासुद्धा नाही, ही गोष्ट मला अजून खाते.

त्या कप्प्यात आईने लग्नात दिलेले ‘स्मृतिचित्रे’ होते. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र १९३० च्या दशकात प्रसिद्ध झाले. शाळेचे तोंड न बघितलेल्या बाईने लिहिलेले, नि आजही वाचताना ती समोर बसून बोलते आहे असे वाटते. वडिलांचे सोवळ्याचे वेड, नवऱ्याचा लहरी स्वभाव, १८९५ साली त्यांनी केलेले धर्मांतर, मग काही वर्षांची ताटातूट, आणि हे सगळे सांगताना कुठे रडारड नाही. उलट आपल्याला हसू येते. माझ्या आईने त्या प्रतीत समासात पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. आई आता नाही.

पाणी उतरल्यावर यांनी सगळी पुस्तके पोत्यात भरून दाराशी ठेवली. ‘आता रद्दीवालाही घेणार नाही,’ म्हणाले. त्यात त्यांचे काही चुकले नव्हते, घरात चिखल होता नि माणसे थकली होती. तेवढ्यात ताई अंबरनाथहून मिळेल त्या वाहनाने आल्या. त्यांनी पोते उलटे केले नि पदर खोचला. त्या दिवशी त्यांनी जे शिकवले, ते या पानावर डाग काढण्याच्या युक्त्यांइतकेच उपयोगी आहे, म्हणून लिहिते.

भिजलेले पुस्तक ओढून उघडू नये, पान फाटते. चिखल असेल तर पुस्तक मिटलेलेच घट्ट धरून स्वच्छ पाण्यात अलगद बुडवून काढावे, चोळू नये. मग हलके दाबून पाणी निथळू द्यावे. दर दहाबारा पानांमागे एक कोरा, पाणी शोषणारा कागद घालावा आणि तो ओला झाला की बदलावा. छापील वर्तमानपत्राची शाई पानाला लागते. पुस्तक उभे करून पाने पंख्यासारखी थोडी मोकळी ठेवावीत आणि घरातला पंखा सोडावा. कडक उन्हात ठेवू नये, कागद वेडावाकडा होतो नि पुठ्ठा उचकटतो. पण वेळ लावू नये, कारण दोन दिवसांत बुरशी धरते. पुस्तके फार असतील नि सगळ्यांकडे एकदम बघता येत नसेल, तर काही पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवावीत. गोठली की बुरशी थांबते, मग सवडीने एकेक काढून वाळवता येते. गुळगुळीत चित्रांच्या कागदाची पुस्तके मात्र आधी घ्यावीत. ती एकदा चिकटली की सुटत नाहीत.

पासष्टपैकी एकेचाळीस वाचली. ‘स्मृतिचित्रे’ वाचले, जरा फुगले आहे, कपाटात दोघांची जागा घेते! पेन्सिलीच्या खुणाही राहिल्या. शाईने लिहिलेल्या आमच्या चिठ्ठ्या मात्र सगळ्या वाहून गेल्या. आणि त्या दिवशी निघताना ताईंनी पिशवीतून ‘व्यासपर्व’ काढून माझ्या हातात ठेवले. ‘घेऊन जायला नाही, ठेवायला देते आहे,’ म्हणाल्या. डायरीत नोंदही केली नाही.

पुढे मी बदलापुरातले ‘ग्रंथसखा’ बघायला गेले. श्याम जोशी या शिक्षकाने जमवलेला हा मराठी पुस्तकांचा नि जुन्या नियतकालिकांचा संग्रह. इतकी दुर्मिळ पुस्तके आपल्या गावात सांभाळली गेली आहेत हे बघून ऊर भरून आला. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर १८६४ पासूनचे. आपल्याकडे पुस्तके नाहीत असे नाही हो. पाय तिकडे वळत नाहीत, एवढेच.

आता तिसरे घर. हे उल्हासनगरला, चार नंबरच्या कॅम्पात. लेकीच्या वर्गातल्या मुलाची आई, म्हणजे आमची सिंधी भाभी, हिचे हे घर. उल्हासनगर म्हटले की आपल्याला फर्निचर नि कपड्यांचा बाजार आठवतो. पण ही मूळची कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हिंदू कुटुंबांना इथल्या बराकींत जागा दिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिचे ‘उल्हासनगर’ असे नाव ठेवले. उल्हासाचे नाव दिले, पण आत गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत अनेक संसार चालले होते. भाभीच्या सासूबाई, त्यांना घरात सगळे अम्मा म्हणतात, त्या वेळी सात-आठ वर्षांच्या होत्या. शिकारपूरहून कराची, कराचीहून बोटीने मुंबई, नि मग इथे.

पहिल्यांदा गेले तेव्हा भाभीने रीतीप्रमाणे पापड नि पाणी पुढे केले. मी पुरात भिजलेल्या पुस्तकांची कथा सांगत होते. अम्मा ऐकत होत्या. मग उठून पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. आत कापडात बांधलेली वीसेक पुस्तके. सुंदरी उत्तमचंदाणींच्या कथा, पोपटी हिरानंदाणींचे आत्मचरित्र, आणखी कितीतरी. या दोघीही सिंधमधल्या हैदराबादच्या, दोघींचा जन्म १९२४ चा, दोघींना साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळालेले. पोपटीबाईंना १९८२ साली, सुंदरीबाईंना १९८६ साली. पोपटीबाई हुंड्याविरुद्ध उभ्या राहिल्या नि आयुष्यभर अविवाहित राहिल्या. मुंबईसारख्या शेजारच्या गावात राहून एवढे लिहिलेल्या या बायकांचे नावही मला ठाऊक नव्हते.

भाभी म्हणाली, ‘टीचर, तुझी पुस्तकं भिजली. आमची बघ, एकदम कोरडी. पण वाचणार कोण?’ सिंधी ही अरबी वळणाच्या बावन्न अक्षरी लिपीत लिहितात. १० एप्रिल १९६७ ला ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली, तो दिवस सिंधी भाषा दिवस म्हणून पाळतातही. पण या घरात ती लिपी फक्त अम्मांना येते. मुलगा बोलतो, वाचत नाही. सून तशीच. नातू तर बोलतही नाही. घराचे नूतनीकरण निघाले होते आणि पेटी द्यायची कोणाला, हा प्रश्न होता.

मी घरी आले ती अस्वस्थ होऊन. मी इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते, अर्धवेळ. मराठी शाळाशाळांतून सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला, २०२४ साली तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, सगळे खरे. पण माझी स्वतःची दहा वर्षांची लेक मराठी पुस्तक हातात दिले की म्हणते, ‘आई, तूच वाचून दाखव ना.’ अक्षराखाली बोट ठेवून, अडखळत वाचते नि कंटाळते. मग माझ्या कपाटातल्या त्या फुगलेल्या ‘स्मृतिचित्रां’चे पुढे काय? अम्मांच्या पेटीत नि माझ्या कपाटात अंतर ते किती? फार तर एका पिढीचे.

तेव्हापासून महिन्यातून एका रविवारी आम्ही भाभीकडे जमतो. अम्मा वाचतात, भाभी हिंदीत सांगते, मी मराठीत टिपून घेते आणि आमच्या भिशीत ते वाचून दाखवते. बदल्यात मी ‘स्मृतिचित्रे’ सांगते. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत गेल्या तिथे आल्यावर अम्मा बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘तिला परत जायला दार तरी होतं.’ भाभीने विषय बदलला नि सगळ्यांपुढे कोकी वाढली.

लेकीला घरी एकटी कशी ठेवायची, म्हणून सोबत नेत होते. एकदा अम्मांना सुचले, सिंधी देवनागरीतही लिहितात, मग ही पोर लिहील का? लेकीने वही घेतली. अम्मा बोलायच्या, ती लिहायची. सिंधीत ग, ज, ड, ब यांचे आणखी एकेक निराळे उच्चार आहेत, श्वास आत ओढून करायचे. देवनागरीत त्या अक्षरांखाली रेघ देतात. तो ‘ब’ लेकीला काही केल्या जमेना. अम्मा गालाला हात लावून शिकवायच्या नि ती पुन्हा पुन्हा चुकायची. मग तिने सूड घेतला. म्हणाली, ‘अम्मा, आता तुम्ही म्हणा, बाळ.’ सिंधीत ळ नाही. अम्मा म्हणाल्या, ‘बाल.’ ‘बाळ!’ ‘बाल.’ दोघी हसून हसून आडव्या.

परवा वही तपासायला घेतली. माझी मास्तरीण जागी झाली नि मी ऱ्हस्वदीर्घ बघू लागले. पाऊण वही भरली होती. मराठी शुद्धलेखनाच्या पाच ओळींना कुरकुरणाऱ्या मुलीने अठ्ठावीस पाने देवनागरी लिहिली होती, तीही परक्या भाषेतली! मी लाल पेन खाली ठेवले. पेटी अजून पलंगाखालीच आहे, आणि नूतनीकरणात भाभीने तिच्यासाठी भिंतीत कप्पा करून घेतला आहे. खालचा नाही, वरचा. पुराचा धडा आम्ही सगळ्यांनीच घेतला आहे.

अम्मा आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. वीस पुस्तकांपैकी आमचे दीड झाले आहे. हिशेब मला समजतो, म्हणून रविवार चुकवत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात असे एखादे कपाट, एखादी पेटी असेल. संक्रांतीला तुम्ही वाण देणारच, त्यात एक पुस्तक देऊन बघा. वही ठेवा, चिठ्ठी ठेवा. आणि शेजारणीच्या घरात दुसऱ्या भाषेचे पुस्तक दिसले तर ‘हे काय गं?’ म्हणून विचारा तरी. परवा लेकीने ‘स्मृतिचित्रे’ आपणहून काढले. वाचायला नव्हे, आजीच्या पेन्सिलीच्या खुणा बघायला. एका खुणेशी थांबून तिने विचारले, ‘इथे आजीने रेघ का मारली असेल?’ मी म्हटले, ‘वाच ना, म्हणजे कळेल.’ तिने अक्षराखाली बोट ठेवले नि सुरुवात केली.